वटवाघळांची आठ पिल्लं आणि माझे सासरे

अलीकडे कुणी ना कुणी विचारतं, "प्राण्यांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जायचंय, तू गेली होतीस ना? कसं असतं?" मी गेले होते, पण त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तेव्हा बेंगळुरूला सगळे बंगलोरच म्हणायचे. मी साताऱ्याची, लग्न होऊन निपाणीला आलेली, कानडीचा एक शब्द न येणारी. त्यामुळे माझ्यासाठी तो परदेशच होता.

प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि वर्षभरात लग्न झालं. कॉलेजच्या आमच्या बाईंनी एकदा बंगलोरजवळच्या एका छोट्या केंद्राचा पत्ता दिला होता. जखमी, पोरके झालेले रानटी प्राणी-पक्षी तिथे बरे करून परत सोडतात. लग्नानंतर दीड वर्षाने, कुणालाही न सांगता, मी तिथे पत्र टाकलं. पंधरा दिवसांत टाइप केलेलं उत्तर आलं: मार्च ते एप्रिल सहा आठवडे या. राहण्याची सोय तुमची, दुपारचं जेवण आमचं. येताना जुनी सुती लुगडी आणा, लागतात.

मी ते पत्र जेवणाच्या वेळी वाचून दाखवलं. माझा नवरा सुधीर बँकेत होता, त्याला सहा आठवडे रजा मिळणं शक्यच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "एकटी? इतक्या लांब? लोक काय म्हणतील?"

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्या दीड वर्षात ते माझ्याशी "सूनबाई, चहा" आणि "सूनबाई, पेपर" याच्या पलीकडे फारसं बोललेले नव्हते. ताटावरून मान वर न करता ते म्हणाले, "मी जातो सोबत. जयनगरला भीमण्णा आहे, त्याच्याकडे उतरू."

माझ्यावर लक्ष ठेवायला येताहेत, असं मला वाटलं. पण जायला मिळत होतं.

निपाणीहून सकाळी सहाला कर्नाटकची लाल बस निघायची आणि संध्याकाळी सात-साडेसातला बंगलोरला टेकायची. आता चौपदरी रस्त्याने जाणाऱ्यांना तो प्रवास कळायचा नाही. हुबळीच्या पुढे रस्ता म्हणजे खड्ड्यांची रांग होती, खिडकीतून धूळ आणि उन्हाच्या झळा. मामंजी खिडकीपाशी बसून मैलाचे दगड वाचत होते. तेरा तासांत आमच्यात झालेलं मोठ्यात मोठं संभाषण दावणगेऱ्याला झालं. बस जेवायला थांबली होती.

"इथला लोणी डोसा चांगला असतो," ते म्हणाले.

"हो का?"

"हं."

डोसा खरोखर चांगला होता. त्या रस्त्याने गेलात तर चुकवू नका.

भीमण्णाकाका मामंजींचे मावसभाऊ. जयनगरात तीस वर्षं राहून त्यांचं मराठी निम्मं कानडी झालं होतं. "आधी स्वल्प चहा घे, मग आंघोळ. सरी?" असं ते विचारायचे. सरी म्हणजे ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या इडली-वडा खाल्ला, बनशंकरीपर्यंत एक बस, तिथून कनकपुरा रस्त्याची दुसरी, आणि शहर संपल्यावर नाचणीच्या रिकाम्या शेतांमधून मैलभर चालत केंद्र गाठलं. एका माणसाला जाऊन-येऊन दहा रुपयांच्या आत पडायचं. खर्चाचं विचाराल तर तोच काय तो रोजचा.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, जाळीचे दहा-बारा पिंजरे आणि एक फणसाचं झाड. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. प्राण्याला हात लावायच्या आधी रेबीजची इंजेक्शनं, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी मामंजींचाही दंड पुढे करायला लावला.

"मी फक्त बसणार आहे," मामंजी म्हणाले.

"इथे कोणी फक्त बसत नाही," डॉक्टर म्हणाले आणि सुई टोचली.

तिथे रोज राबणाऱ्या दोघीच. लक्ष्मम्मा, जिला सगळे अक्का म्हणायचे, आणि रूथ नावाची इंग्लंडहून आलेली मुलगी. रूथ तिथेच एका खोलीत राहायची. तिला कानडी येत नव्हतं, अक्काला इंग्रजी. माझं इंग्रजी पुस्तकातलं. मधे मामंजी. दोन दिवस फणसाखाली पेपर वाचत बसल्यावर ते आपोआप दुभाषे झाले. अक्का त्यांना "मेष्ट्रे" म्हणायला लागली, म्हणजे मास्तर. त्यांच्या बेळगावी कानडीला ती तोंडाला पदर लावून हसायची.

पहिला आठवडा मी पिंजरे झाडले, पपया चिरल्या, मांज्याने पंख कापलेल्या घारींना खाणं दिलं. घरी परत गेल्यावर सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोचलो तर अक्का फाटकातच उभी. "बावली! बावली मरी!" असं ओरडत होती. मला ऐकू आलं "बाहुली मेली". मी घाबरून आत धावले. मामंजी मागून म्हणाले, "बावली म्हणजे वटवाघूळ. मरी म्हणजे पिल्लू."

रस्ता रुंद करायला एक जुनं झाड पाडलं होतं. त्यावर वटवाघळांची अख्खी वसाहत होती. मोठी उडून गेली, काही माद्या मेल्या, आणि त्यांच्या पोटाला चिकटलेली पिल्लं कुणीतरी भाजीच्या टोपलीतून आणून दिली होती. आठ होती. मुठीएवढं अंग, कोल्ह्यासारखं तोंड, तपकिरी मोठे डोळे, पंख म्हणजे ओल्या छत्रीचं कापड. रूथचे दोन हात पुरणार नव्हते. अक्काने एक पिल्लू लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि सरळ मामंजींच्या हातात दिलं. "मेष्ट्रे, हिडकोळ्ळी." धरा.

आमच्याकडे घरात वटवाघूळ शिरलं तर अपशकुन म्हणून भटजी बोलावून शांत करतात. मामंजी ताठ उभे राहिले. पिल्लाने कापडातून अंगठ्याची इवलीशी नखी बाहेर काढली आणि त्यांच्या सदऱ्याच्या बटणाला अडकवली. ते तसेच, न हलता, सावकाश खाली बसले.

बिनसुईच्या सिरिंजला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा लावायचा, पातळ केलेलं कोमट दूध थेंब थेंब सोडायचं. पिल्लाने गिळलं की पुढचा थेंब. एकेकाला वीस मिनिटं. मग ओल्या कापसाने तोंड, कान पुसायचे. आठवं होईपर्यंत पहिलं परत भुकेलेलं. रूथ सगळ्यांना नावं देणार होती. मामंजींनी मोडता घातला. "नावं नकोत, हजेरीपट ठेवू. एक ते आठ." त्यांनी वेळापत्रक लिहून शेडच्या दाराला लावलं. इतक्या वर्षांच्या सवयीने वर "सूचना" असंही लिहिलं, मराठीत, जे माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हतं.

आता जे घडलं ते सांगते.

पिल्लं येऊन बारा-तेरा दिवस झाले होते. आदल्या दिवशी सुधीरचं पत्र आलं होतं, सासूबाई नाराज आहेत वगैरे. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळी नऊच्या पाळीत मला उशीर झाला होता आणि तीन नंबरचं पिल्लू भुकेने चिवचिवत होतं. लवकर आटपावं म्हणून मी सिरिंज जरा जोरात दाबली. दूध त्याच्या नाकातून आलं. त्याला ठसका लागला, मी त्याला उलटं धरलं, पुसलं, डॉक्टरांना हाक मारली. ते आले, त्यांनी खूप खटपट केली. पण दूध छातीत गेलं होतं. तासाभरात पिल्लू माझ्या मांडीवरच गेलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "हे होतं," इतकंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी शेडमागे जाऊन बसले. मला घरी जायचं होतं. माझं काय काम होतं इथे? कुणी बोलावलं होतं?

मामंजी आले. त्यांनी फणसाखाली खुरप्याने खड्डा केला, पिल्लू कापडासकट ठेवलं, माती लोटली. हात धुऊन आले. त्यांच्या दुसऱ्या हातात आठ नंबर होतं, सगळ्यांत किरकोळ, एक पंख फाटलेलं.

"अकरा वाजले," ते म्हणाले.

"मी नाही पाजणार."

"मग कोण पाजणार? रूथच्या हातात दोन आहेत."

"मामंजी, मी मारलं त्याला."

ते माझ्या शेजारी बसले. हे ते कधी करत नसत. म्हणाले, "हो. घाई झाली तुझ्याकडून."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. मी रडायला लागले. ते थांबले, माझं होईपर्यंत.

"मला तीन मुलं," मग ते म्हणाले. "एकालाही मी कधी दूध पाजलं नाही. सुधीर लहानपणी आजारी असायचा, त्याची आई रात्रंदिवस घेऊन बसायची. मी शाळेच्या वह्या तपासायचो. माझ्या हातून चूक झाली नाही, कारण मी हातात काही घेतलंच नाही." त्यांनी आठ नंबर माझ्या मांडीवर ठेवलं. "धर. मी बघतो शेजारी बसून."

मी सिरिंज उचलली. त्यांनी खालून मनगटाला आधार दिला. थेंब. गिळलं. थेंब. त्या पाळीला चाळीस मिनिटं लागली. त्या दिवसापासून ते मला सूनबाई म्हणायचं थांबले. नंदा म्हणायला लागले.

एप्रिल संपत आला. पिल्लं दोरीला उलटी लटकायला लागली, केळ्याचा गर चाटायला लागली. आठ नंबरचा पंख जुळला, पण ते बाकीच्यांच्या मागेच होतं. माझे सहा आठवडे भरले, दिराचं लग्न तोंडावर आलं. मी दोन तिकिटं काढायला निघाले तर मामंजी म्हणाले, "एकच काढ. मला इथं अजून काम आहे."

"आणि मी? एकटी?"

"बसमध्ये बसायचं आणि निपाणीला उतरायचं. त्यात मी काय करणार आहे?"

"लग्नाला तरी?"

"लग्नाला येईन. दोन दिवस."

आणि खरंच आले, दोन दिवस, आणि अक्षता पडल्यावर परत गेले. घरात काय झालं ते सांगायला नको. सासूबाई आठवडाभर एकच वाक्य म्हणत होत्या: "या वयात माणसाला वटवाघळांचं वेड लागावं!" मी त्यांच्याबरोबर भांडी लावत, जे माहीत होतं ते सांगत गेले. हळूहळू त्याच विचारायला लागल्या, "आज यांचं कार्ड आलं का? त्या आठव्याचं काय?"

जुलैच्या सुरुवातीला मामंजी आले. काळे पडलेले, बारीक झालेले. जेवण झाल्यावर पडवीत बसून त्यांनी सांगितलं. तळ्याकाठच्या वडावर दुसरी वसाहत होती, तिथे पिंजरा टांगला. काही दिवस तिथेच खाणं दिलं, मग एका संध्याकाळी झडप उघडी ठेवली. सहा गेली. आठ नंबर बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी तेही गेलं, पण चार संध्याकाळी फळ खायला परत आलं. पाचव्या दिवशी आलं नाही.

"मी आणखी आठवडाभर पपई टांगत होतो," ते म्हणाले. "मग अक्का म्हणाली, मेष्ट्रे, साकु. पुरे."

"वाईट वाटलं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडून मी असा प्रश्न पहिल्यांदाच ऐकत होते.

"वर्ग सुटल्यावर वाटतं तेवढं," ते म्हणाले.

हल्ली कुणी जाणार असाल तर नियम कडक आहेत, मास्क, हातमोजे, आधी प्रशिक्षण, आणि ते योग्यच आहे. जाताना जुनी सुती कापडं न्या, ती अजून लागतात. उडतानाचे फोटो काढायला मिळतील अशी आशा धरू नका. सहा पिल्लं उडाली त्या संध्याकाळी मी निपाणीत कोथिंबीर निवडत होते. मला आठवतं ते तिसरं.

जुलैत मामंजी परत आले त्या रात्री, सासूबाई आत गेल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही घरी कुणाला सांगितलंत? तीन नंबरचं?"

"आठातलं एक गेलं, एवढं सांगितलं."

"कसं गेलं ते?"

"ते तुझं आहे," ते म्हणाले. "सांगावंसं वाटलं तर तू सांग. नाही वाटलं तर राहू दे."

त्यांना जाऊन आता बारा वर्षं होतील. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही. सुधीर माझं सगळं लिखाण ऑनलाइन टाकायच्या आधी वाचतो, शुद्धलेखन तपासायला. हे आज तो पहिल्यांदा वाचेल.