नत्थुजींच्या कमरेची गाठ

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा त्या काळची गोष्ट. शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या बागा पुष्कळ, पण धोतर नेसावं तर नत्थुजींनीच. गाठ अशी करकचून मारत, की दिवसभर बागेला पाणी देत ओलीत करूनही सोगा ढळायचा नाही. ढिल्या धोतराचा माणूस दिसला की त्याची चेष्टा केल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्याच गाठीखाली कमरेवर काळा, जाड पट्टा पडला होता. त्याचंही त्यांना कौतुकच. पट्ट्यावरची एक जखम वर्ष झालं तरी भरेना. त्यावर बिब्बा लावून त्यांनी ती आणखी चिडवून ठेवली.

धोतर धुताना रुख्मिणीबाईला रक्ताचा डाग दिसला. संत्र्यांची गाडी अमरावतीला निघाली तशी ती नवऱ्याला घेऊन वर चढून बसली आणि तिनं त्याला थेट डॉक्टरांपुढं उभं केलं.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्याच जागी रोज आवळत, घासत राहिलात, तर कर्करोग व्हायचा. गाठ सैल मारा, जागा बदला. एवढं करून जखम भरली नाही, तर कापून काढू."

कापायच्या गोष्टीला नत्थुजी घाबरले नाहीत, सैल म्हटल्यावर मात्र दचकले. "डाक्टरसायेब, माह्या बापानं, आज्यानं इथंच गाठ मारली. कोनाले काई झालं नाई."

"त्यांची कंबर कुणी पाहिली होती?"

घरी येऊन नत्थुजींनी डॉक्टरांनी दिलेलं मलम इमानानं लावलं आणि त्यावरच गाठ आवळली. रुख्मिणीबाई भांडली, रुसली. "गाव हासन ना वं!" एवढंच उत्तर.

मग एका दुपारी तिनं त्यांच्यासमोर लुगड्याची गाठ थोडी सरकवली. तिच्या कमरेवरही तसाच काळा पट्टा, मधोमध एक लालसर भेग.

"अवं, हे कवापासून?"

"लुगडंबी आवळाच लागते, वावरात गवत निंदाले बसलं का."

"मंग सैल नेस ना! डाक्टरनं सांगतलं, आयकू नाई आलं तुले?"

"तुमी नेसा, मंग मी नेसतो."

नत्थुजींनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ते बागेकडे निघाले ते एका हातानं सैल धोतराचा सोगा धरून. शेजारच्या सूर्यभाननं बांधावरून ओरडून विचारलं, "नत्थुजी, बाग राखून राहिले का धोतर?"

"दोनी. हास लेका, पोटभर हास. अन् हासून झालं का तुही कंबर दाखव मले."

सूर्यभानचं हसू थांबलं नाही, पण हात मात्र कमरेवर जाऊन चाचपू लागला.

जखम वाळायला वेळ लागला. रोज सकाळी आधी रुख्मिणीबाई नत्थुजींची कंबर पाही, मग ते तिची. आणि एकाचीही गाठ जराशी आवळलेली दिसली, तर दुसरा चहाला हात लावत नसे.