खेळल्याशिवाय कसला कप

कबड्डीत मामींनी एकदा घोटा धरला की सुटका नसे. पंचाची शिट्टी झाल्यावरही त्या क्षणभर धरून ठेवत, समोरचीची खात्री पटावी म्हणून. हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवून त्या थेट सरावाला येत. त्यामुळे गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने आमच्या घोट्यांवर त्यांच्या बोटांचे गुलाबी ठसे असत. आई ओरडायची, हा रंग सहज जात नाही म्हणून.

त्या आमच्या कोच. स्वतः लग्नानंतर, मूल कडेवर असताना खेळायला लागलेल्या. सासर धरमतरकडचं, मिठागरात राबणारं. संघातली एक पोर त्यांची खरी भाची, तिचं ऐकून आम्ही सगळ्याच मामी म्हणायला लागलो. बोलायला फटकळ. आमच्या कासू गावातल्या कुणी शहाण्याने विचारलं, "पोरींना कशाला कबड्डी, उद्या हातपाय मोडले तर लगीन कोण करील?" मामी म्हणाल्या, "तुमचा पोरगा पडला तर पंधरा दिवस कौतुक सांगत फिरता, आमची पडली की लगेच लगीन आठवतं." तो माणूस पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही.

महिलांचे सामने नेहमी भर दुपारी. मैदानावर पाणी मारायचं ते संध्याकाळी, पुरुषांचे सामने सुरू होण्याआधी. तोवर आम्ही फुफाट्यात गुडघे सोलून घेत असू. मामींनी कधी तक्रार केली नाही. त्या हंडे मागवायच्या आणि आम्हालाच पाणी मारायला लावायच्या. आयोजक हसायचे, "सडा घालताय काय?" मामी म्हणायच्या, "व्हय, तुम्ही रांगोळी काढा." आणि आम्ही भिजलेल्या मातीवर खेळायचो.

रोह्याजवळच्या एका गावात स्पर्धा होती. आम्ही अंतिम फेरीत पोचलो होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. बाबांनी निघतानाच सांगितलं होतं, "जिंकून आलीस तर पुढे खेळ. नाहीतर नागोठण्याचं स्थळ आलंय, ते बघायचं." बाबा शिक्षक. एकदा बोलले की बोलले.

त्या दिवशी पाहुण्यांचे सत्कार लांबले. शाली, नारळ, भाषणं. अंधारून आलं, दिवे लागले, पुरुषांची उपांत्य फेरी बघायला गर्दी जमली. मंडळाचा चिटणीस आम्हा दोन्ही कॅप्टनांना बाजूला घेऊन म्हणाला, "पोरींनो, वेळ नाय. तुमची फायनल नाणं उडवून लावू. मान दोघींना सारखाच." मामी तेव्हा एका पोरीच्या गुडघ्याला पट्टी बांधत मंडपामागे होत्या. समोरच्या कॅप्टनने काटा मागितला, छापा पडला. चिटणीसाने कप माझ्या हातात दिला. मी काय सांगू, मला त्या क्षणी फक्त नागोठणं लांब जाताना दिसत होतं.

मामी आल्या. काय झालं ते ऐकलं. माझ्या हातातून कप घेतला आणि टेबलावर ठेवला.

"मामी, तुमचीच टीम जिंकली," चिटणीस म्हणाला.

"खेळल्याशिवाय कसला कप? मग बाप्यांची सेमीपण नाणं उडवूनच लावा. सगळीच जेवायला जाऊ."

गर्दीत हशा पिकला. मामी जाऊन मधल्या रेषेवर मांडी घालून बसल्या. आमच्या पोरी त्यांच्यामागे गेल्या. मग समोरचा संघही बसला, त्यांचा तर फायदाच होता. शेवटी उपांत्य फेरीला थांबलेला एक खेळाडूच म्हणाला, "होऊ द्या ना त्यांची. आम्ही तवर अंग गरम करतो." दिव्यांखाली, भरलेल्या मैदानात, आम्ही पहिल्यांदा खेळलो. आणि थोडक्यात हरलो.

परतताना टेम्पोत मी मामींवर भडकले. "तुमचं काय गेलं? लग्न माझं लागेल."

"मी येते उद्या," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की कासू येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. मामींनी पाणीही घेतलं नाही.

"दादा, पोर हरली. कप हातात आला होता, तो मी परत दिला. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

"ते ठीक आहे. पण माझं बोलणं झालंय तिच्याशी."

"एक इचारू? तुमचा मुलगा बारावीला नापास झाला, तेव्हा त्याचं लगीन लावलंत काय?"

बाबांनी पेपर मिटला, पुन्हा उघडला. आत आई पदर तोंडाला लावून हसत होती. नागोठण्याला निरोप गेला की मुलीला एवढ्यात उजवायची नाही. मी पुढे जिल्ह्याकडून खेळले, त्याच जोरावर रोह्यात नोकरीला लागले. लग्नही केलं, माझ्या सवडीने.

मामी मागच्या वर्षी आजारपणात गेल्या. यंदा पेणच्या एका मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ स्पर्धा ठेवली. बॅनरवर मामींचा फोटो आणि नाव, खाली मोठ्या अक्षरात 'भव्य पुरुष कबड्डी स्पर्धा'. मी अध्यक्षांना फोन केला.

"ताई, बायकांच्या टीम मिळत नाय हल्ली," ते म्हणाले. "आणि रात्रीच्या सामन्यांना पोरी कोण पाठवतो?"

"मग बॅनरवरून मामींचं नाव काढून टाका," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, शरमेने तरी महिलांचे सामने ठेवतील. ते "बघतो" म्हणाले. चार दिवसांनी पेणच्या नाक्यावर नवा बॅनर लागला. स्पर्धा तीच, तारीख तीच. मामींचा फोटो आणि नाव तेवढं काढलं होतं. मला भर नाक्यावर रडू आलं.