ताटातली साखर

नाताळच्या आधी करंज्या तळायला घेतल्या की डालड्याच्या वासानं मी पुन्हा शरणपूरच्या आमच्या गल्लीत, हातात ताट घेऊन उभी असते.

आई गेल्यानंतरचा तो पहिला नाताळ. मी सतरा वर्षांची. मागच्या गल्लीतल्या काकांनी घराच्या वाटणीवरून अबोला धरलेला. आईच्या मातीलाही ते आले नव्हते. तरी बाबांनी त्यांच्यासाठी ताट भरलं, वर आईनं विणलेला रुमाल टाकला.

"भाऊ रुसला तर आधी आपण जायचं, असं प्रभूनं सांगितलंय," ते म्हणाले. "दिवस वाईट असले तर जास्तच."

मला नव्हतं जायचं. चर्चच्या भिंतीमागे मी करंज्या कुत्र्यांना घातल्या. पण ताट कुणी रिकामं परत पाठवत नाही, म्हणून मागच्या दारानं आमच्याच स्वयंपाकघरात शिरून त्यात मूठभर साखर टाकली.

"काकांनी दिली," मी सांगितलं.

बाबांनी बोटानं साखर टिपून खाल्ली. त्यांचे डोळे भरून आले. "झालं तर मग! आता तो येईल स्वतःहून. आपण घाई नाही करायची."

पुढची नऊ वर्षं फाटक वाजलं की ते उठून बघायचे.

बाबांच्या मातीला मात्र काका आले. कबरीत मूठभर माती टाकून माझ्यापाशी थांबले.

"वहिनी गेल्यानंतरच्या त्या नाताळात मी दिवसभर दारात बसलो होतो गं. दादाचं ताट आलं असतं, तर तसाच धावत आलो असतो."

मी तेव्हाही गप्प राहिले. आता काकाही नाहीत. तरी दर नाताळात माझ्या हातून एक ताट जास्तीचं भरलं जातं.