कुमुदताईंची शेवटची खिरापत

कुमुदताईंचा कोणी अपमान केला तर त्या भांडत नसत. पदराचं टोक हातात घेऊन त्याला एक गाठ मारत आणि त्याच माणसाला विचारत, "चहा घेता का?" मग ती गाठ सुटेपर्यंत त्यांना चैन नसे. रात्री पातळ बदललं की गाठही नव्या पदरावर जाई, हे मी स्वतः पाहिलं आहे. दूधवाल्यानं पाणी घातलं, गाठ. भाचेसून लग्नाचं आमंत्रण फोनवर देऊन मोकळी झाली, गाठ. फेड झाली की दातांनी गाठ सोडत आणि म्हणत, "चला, पदर हलका झाला."

रायपूरला चौबे कॉलनीत आमची भिंतीला भिंत. माहेर त्यांचं वर्ध्याकडचं, नोकरी इथल्या रेल्वेच्या ऑफिसात. निवृत्त झाल्यावर भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप त्यांना दिला. बाकीच्या बायका अशा लॅपटॉपवर नातवंडांचे फोटो पाहतात. कुमुदताईंनी त्याच्यावर गाणी करायला घेतली. शिकवलं कोणी नाही, मोबाईलवर बघून बघून शिकल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावायची, कारण रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून आमच्या गल्लीतही हॉर्न थांबत नाहीत. मग पेटी वाजवून भरायची, तिच्यावर ढोलक, त्याच्यावर झांज आणि शेवटी स्वतःचा गळा. डाळ-तांदळाचे डबे आजूबाजूला, मधे ही बाई कानाला हेडफोन लावून बसलेली.

लॅपटॉप मात्र थकलेला. झांज चढवली की पेटी अडकायची. त्याच्या पंख्याचं एक पातं मोडलेलं होतं, त्यामुळे तो सरळ घरघरतही नसे. घर्र, घर्र, टुक. घर्र, घर्र, टुक. दुपारी आम्ही बायका भुलाबाईच्या गाण्यांच्या तालमीला त्यांच्याकडे जमायचो, तेव्हा निर्मलाकाकू म्हणायच्या, "कुमुद, तुही चक्की बंद कर वो, पीठ झालं आता."

भुलाबाई ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या विदर्भातल्या लेकीबाळींचा हा खेळ, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. संध्याकाळी भुलाबाईसमोर गाणी म्हणायची आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. जिची खिरापत तिनं झाकलेला डबा हलवायचा, बाकीच्यांनी आवाजावरून आत काय ते सांगायचं. खडखडलं तर फुटाणे, सरकलं तर वडी, काहीच वाजलं नाही तर शिरा. लहानपणापासून हेच केलेलं, त्यामुळे आमच्या बायकांचे कान फार तिखट.

त्या वर्षी कुमुदताईंनी आमच्या मराठी मंडळासाठी गुपचूप नवं गाणं केलं.

"राजधानी झालं माहेर, भुलाबाई, वळण ओळखू येईना,
उड्डाणपुलाच्या खाली बाई, अंगण काही दिसेना."

मला ते भिंतीतून कळलं, आणखी कोणाला नाही. पण मागच्या घरघरीचं काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्या मंडळाच्या राजाभाऊंकडे गेल्या. राजाभाऊ सचिव. मोठे स्पीकर, माईक, सगळं त्यांच्या घरचं. घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं, आणि हे ते विसरू देत नसत. "तुम्ही लोक रेल्वेनं आलात, ताई. आम्ही घोड्यावर आलो," असं हसत हसत म्हणायचे. त्या दिवशीही म्हणाले. मग म्हणाले, "गाणं बरं आहे, पण मशीन बदला. पेटी, झांज, गळा सगळं सुटं-सुटं पेनड्राईव्हवर ठेवून जा, मी साफ करून पाहतो."

कुमुदताई मला घेऊन जयस्तंभ चौकाकडच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं लॅपटॉप उघडला, आतली धूळ पाहिली आणि म्हणाला, "आंटीजी, इसमें अब दम नहीं है. नया ले लो."

"भैया, डॉक्टर ने मेरे घुटने नये लगाये, मेरे को थोड़ी बदला," कुमुदताई म्हणाल्या. "अंदर का बदलो. माणूस तोच राहू दे."

दुकानदार हसला. रॅम वाढवली, नवी एसएसडी घातली, नवा पंखा बसवला. जुनी डिस्क मात्र काही बोलेचना. "इसका डेटा गया," तो म्हणाला. कुमुदताई मला म्हणाल्या, "जाऊ द्या वहिनी, गाणं पेनड्राईव्हवर आहेच ना." जुना पंखा पदराला पुसून त्यांनी पिशवीत टाकला. काढलेला भाग दुकानात सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. जुने गुडघेही त्यांनी डॉक्टरला मागितले होते.

घरी येऊन त्यांनी लॅपटॉप लावला. घरघर काही ऐकूच येईना. "आधी मी गायची अन् कानात मागून येई," त्या म्हणाल्या, "जशी सासूच नक्कल करून राहिली. आता पहा, माझा आवाज माझ्यासंगं चालून राहिला." इतक्या आनंदात मी त्यांना नंतर पाहिलं नाही.

कारण भुलाबाई बसल्या त्याच संध्याकाळी राजाभाऊंनी माईक घेतला. "या वर्षी एक नवं गीत. रचना आणि संगीत माझं, गाणार आमच्या सूनबाई." मग स्पीकरमधून ती पेटी निघाली, ती झांज, तो उड्डाणपूल. सूनबाईंचा गळा गोड. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हणाले, हे तर कुमुदताईंचं आहे. राजाभाऊ हसले. "वहिनी, शेजारधर्म समजू शकतो. काही पुरावा?"

पुरावा एकच होता आणि तो त्यांच्याच खिशातल्या पेनड्राईव्हवर होता. मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या पदराला गाठ मारत होत्या. गाठीवर गाठ. बाहेर पडताना राजाभाऊंना म्हणाल्या, "चहाले या कधी."

तो महिना त्यांच्या स्वयंपाकघराची गोधडी उतरली नाही. नव्या केलेल्या लॅपटॉपवर त्यांनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून भरलं. मी डबा घेऊन गेले तर म्हणायच्या, "भूक नाही वहिनी. रागानं पोट भरलं आहे." मी म्हणाले, देवाचं काम आहे, सोडून द्या. तर मलाच म्हणाल्या, "देवाचं देव पाहील. माझं गाणं चोरलं त्यानं, देवाचं नाही."

कोजागिरीची शेवटची खिरापत त्यांनी मागून घेतली. संध्याकाळी स्टीलचा झाकलेला डबा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. गाणी झाल्यावर उठल्या. "राजाभाऊ, तुमचं गाणं एकदा लावा. मोठ्यानं लावा, मले कमी ऐकू येते."

राजाभाऊ खूष. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. पहिलं कडवं संपलं, गळा थांबला आणि त्या मोठ्या स्पीकरमधून मंडप भरून आवाज आला. घर्र, घर्र, टुक.

कुमुदताईंनी डबा वर धरला. "बायांनो, आजची खिरापत ओळखा. मागून वाजून राहिली, तीच आहे याच्यात."

बायकांनी कान टवकारले. मग निर्मलाकाकू म्हणाल्या, "थांब वो. ही तर तुही चक्की."

"हव, चक्कीच," मागून दोघी-तिघी म्हणाल्या. तालमीला येणारी एकही बाई चुकली नाही. कुमुदताईंनी झाकण काढलं, पंखा माईकजवळ धरला आणि त्याच्यावर फुंकर मारली. घर्र, टुक.

राजाभाऊ जवळ आले, हळू म्हणाले, "ताई, घरी बसून बोलू."

"घरी काहून? माईक तर इथं आहे."

"थोडी चूक झाली," राजाभाऊ माईकवर म्हणाले.

"थोडी म्हणजे किती? मुखडा, का अंतराही?"

"सगळंच," ते म्हणाले. बायका हसल्या, सूनबाईसुद्धा पदरात हसली. मग कुमुदताईंनी लॅपटॉप जोडला आणि आपल्या गळ्यातलं गाणं लावलं. कडव्यांच्या मधे एवढी शांतता, की डोक्यावरचा मंडप हललेला ऐकू येत होता.

परतताना मी म्हणाले, आता सोडा गाठ. "अंहं," त्या म्हणाल्या. "हा माणूस विसरते."

दोन वर्षांनी त्या आजारी पडल्या. अंथरुणातून त्यांनी मला पंख्यासकट तो डबा दिला. "मी गेली की तो बोलायला उठंल, वहिनी. तुम्ही समोरच बसा."

शोकसभेला मी पहिल्या रांगेत बसले, डबा मांडीवर. राजाभाऊ उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "कुमुदताईंनी आणि मी मिळून भुलाबाईची गाणी रचली..."

मी डबा हलवला.

राजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेतून निर्मलाकाकू म्हणाल्या, "ओळखलं."

"म्हणजे कुमुदताईंनी," राजाभाऊ म्हणाले. "एकट्या कुमुदताईंनी."

दरवर्षी भुलाबाई बसल्या की मी तो डबा घेऊन जाते. राजाभाऊ आता थकले आहेत, त्यांना माझाही चेहरा कधी कधी आठवत नाही. डबा मात्र आठवतो. गाठ माझ्या पदराला आहे. सोडावी असं अजून मला वाटलेलं नाही.