पल्लवीचा बंद स्पीकर

हा किस्सा मी सांगणार नव्हतो. पण आमच्या कांचघर मोहल्ल्यात तो माझ्याआधी फिरून आला, आणि जो तो त्यात आपल्या घरचं तिखटमीठ घालून राहिला. पानवाला तर मला बघितलं की काही बोलत नाही, नुसता हात वर करतो. तर म्हटलं, फजिती माझी आहे, निदान ती नीट तरी सांगितली जावी. चहा घ्या अन् ऐका. मध्येच हसू नका, हसायची जागा आली की मी स्वतःच थांबतो.

माझं शिक्षण चौथी. पुढे मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, ते जाऊ द्या. पण आवाजाचं मला विचारा. उभा जन्म लाउडस्पीकर भाड्यानं देण्यात गेला. लग्न, मुंज, गणपती, दुर्गा, निवडणूक, जबलपुरात चार माणसं जमली की खांबावर माझा चोंगा. मशीनची खरखर ऐकून मी सांगायचो कोणती तार सुटली. कोणी म्हटलं, "भैया, आवाज थोड़ा कम करो," की मी आणखी वाढवायचो. ज्याला त्रास होतो त्यानं कानात कापूस घालावा, असा आपला कायदा होता.

आता पल्लवी. ही माझी नात. कानांचं शिकते. औषध देणारी डॉक्टर नव्हे, कोणाला किती ऐकू येतं ते मोजणारी. तिचं संशोधन आहे म्हाताऱ्यांवर. दवाखान्यात त्यासाठी एक बंद खोली असते म्हणे, पण म्हातारे तिथं येत नाहीत. काहून येतील? मी तरी गेलो असतो का? म्हणून पोरीनं ठरवलं की हातात उचलून नेता येईल असा स्पीकर घ्यायचा, म्हाताऱ्यांच्याच वस्तीत जायचं, बारीक आवाज सोडायचे, आणि ज्याला ऐकू आला त्यानं हात वर करायचा. तिच्या मॅडमना हे पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, विजय नगरच्या हॉलमध्ये एकदा करून दाखव, मी स्वतः बघते. जमलं तर सगळं काम असंच कर. नाही जमलं तर हा नाद सोड. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका डब्यावर येऊन ठेपलं होतं.

"आबा, स्पीकर घ्यायला चला न माझ्यासोबत," ती म्हणाली. "तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

आता सांगा, असं कोणी म्हटल्यावर माणूस घरी बसेल? मी टोपी शोधायला लागलो. आमची ही, सुशीला, स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली. ती अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलते. किती वेळा सांगितलं, बाई, तोंड उघडून बोल. सुधारत नाही.

आमच्या जबलपुरातल्याच गोरखपूरच्या बाजारात गेलो. दुकानात सगळीकडे स्पीकर. काही तर माझ्या कमरेएवढे, खाली चाकं, अंगावर लाल-निळे दिवे. मी म्हटलं, "हा घे. हा वाजला की तुझ्या मॅडमला भेडाघाटपर्यंत ऐकू येईल."

"आबा, मोठा नको. हा स्वतःचा ढमढम घालतो मधे. मला जेवढा आवाज पाठवला तेवढाच देणारा पाहिजे. आणि गप्प असला की पूर्ण गप्प, स्वतःची सूं-सूं नको."

असा स्पीकर असतो कुठे? पण दुकानदारानं एक राखाडी डबा काढला. पोळ्यांच्या डब्याएवढा. ना दिवा, ना चाक. पल्लवीनं मोबाईल जोडला, मला समोर स्टुलावर बसवलं.

"आबा, नीट ऐका हं. आवाज आला की सांगा."

पहिला आवाज आला. जाडाभरडा, हूंऽऽ. म्हटलं, "आला." दुसरा आला. तिसरा जरा दबका. मग काहीच नाही. मी बसून आहे. पल्लवी माझ्याकडे बघून राहिली, मी डब्याकडे.

"बंद पडला," मी म्हटलं.

"बज तो रहा है, दादाजी," दुकानदार म्हणाला.

"काय बज रहा है? मला शिकवता? तुम्ही जन्मले नव्हते तेव्हापासून मी चोंगे बांधतो."

त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारलं. गिऱ्हाईक म्हणालं, बज रहा है. दारातल्या रिक्षावाल्यानंही मान हलवली. मी ओळखलं, सगळे मिळालेले आहेत. पल्लवीच्या कानात सांगितलं, "युनिट अर्धं जळालेलं आहे. वरचे आवाज देतच नाही. ठगून राहिला हा तुला." कानात म्हणजे मला वाटलं कानात. दुकानातले सगळे हसले, त्यावरून नंतर कळलं की मी किती हळू बोललो असेन.

पोरगी हसली नाही. मोबाईलवर काहीतरी करत राहिली. मग म्हणाली, "आबा, एक दिवस तुमचे कानही बघू का आपण?"

"माझे कान बघायच्या आधी तू माल बघून घे," मी म्हटलं. चिडलो होतो. तिनं तोच डबा घेतला.

इथवर ठीक होतं. इथे मी घरी जाऊन झोपलो असतो तर आज पानवाल्यानं हात वर केला नसता.

पण मला चैन पडेना. पोरगी जळालेला स्पीकर घेऊन मॅडमसमोर उभी राहणार, सगळे म्हातारे टकामका बघणार, अन् तिचं नाव जाणार. तिला सांगितलं, "तू सकाळी पुढे जाऊन खुर्च्या लाव. स्पीकर मी ऑटोनं घेऊन येतो." बिचारीनं विश्वास ठेवला.

मी डबा उचलला अन् थेट त्या दुकानात. काऊंटरवर आपटला. "खराब माल देता? लाज नाही वाटत?" दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. दुकानदार म्हणाला, "दादाजी, दीदी तो चेक करके ले गई थीं." मी म्हटलं, दीदीचा दादा मी आहे. चोर म्हटलं, ठग म्हटलं, आणखीही म्हटलं, ते सुशीलासमोर सांगता येत नाही. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "जो चाहिए ले जाइए, बस जाइए." मी तो कमरेएवढा उचलला, दिवेवाला, अन् जास्तीचे पैसे मोजून ऑटोत घातला. तो सीटवर, मी काठावर.

हॉलमध्ये पल्लवी दारातच उभी. माझ्यामागे तो चाकांवर गडगडत येताना बघितला अन् तिचा चेहरा उतरला.

"आबा, हे काय? माझा स्पीकर कुठं आहे?"

"तो बंद होता. बदलून आणला. तू बघच आता."

ती पुढे काही बोलायच्या आत मी प्लग घातला, टेबलावरच्या तिच्या मोबाईलला तार जोडून बटण दाबलं. सवय, दुसरं काय. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तीही सवय. त्यातली बाई इंग्रजीत काहीतरी ओरडली, दिवे गरगर फिरले, अन् पल्लवीच्या मोबाईलवर तयार ठेवलेला तपासणीचा आवाज त्यानं असा काही सोडला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम हात वर केले. बापटांनीसुद्धा. हे बापट आमच्या गल्लीतले. त्यांना दारावरची घंटा ऐकू येईनाशी होऊन किती वर्षं झाली. पल्लवीनं जाऊन त्यांना विचारलं, "काका, आवाज आला?"

"आवाजाचं माहीत नाही बेटा," बापट म्हणाले, "खुर्ची हलली."

मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. उठल्या, कानावरचा हात काढला अन् शांतपणे म्हणाल्या, "पल्लवी, इससे तो दीवार भी पास हो जाएगी." अन् पर्स उचलायला लागल्या.

मी पोरीकडे बघितलं. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती त्या बटबटीत स्पीकरचे दिवे बंद करायचं बटण शोधून राहिली होती, अन् ते सापडत नव्हतं.

मग माझी तंतरली. मॅडमसमोर हात जोडले. "मॅडम जी, गलती मेरी है, बच्ची की नहीं. थोडं थांबा, मी तो आणतो." मॅडम थांबतील का माहीत नव्हतं, पण म्हातारे थांबणार होते, कारण पोहे अजून यायचे होते.

ऑटो केला, पुन्हा तो राक्षस सीटवर, पुन्हा गोरखपूर. ज्या काऊंटरवर सकाळी डबा आपटला होता तिथे जाऊन उभा राहिलो. दुकानदारानं तो राक्षस आत ओढला. डबा काढला, सुरू केला, अन् बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारलं, "बज रहा है न, भाई?" सगळे म्हणाले, बज रहा है. मी खाली मान घालून घेतला. तरी मनात म्हणून राहिलो होतो की जळालेलाच आहे, पण पोरीला हाच पाहिजे तर हाच सही.

परत आलो तर मॅडम बसलेल्या होत्या, पोह्यांची बशी हातात. पल्लवीनं डबा टेबलावर ठेवला, कुठल्याशा यंत्रानं मोजून बघितला, सगळ्यांना समजावलं. सुशीलाही तपासणीला आली होती, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मीही पहिल्या रांगेत तिच्याजवळ बसलो. हॉल गप्प. पंखेसुद्धा बंद केले.

मी वाट बघून राहिलो. पल्लवी मोबाईल हातात घेऊन उभी, काही करेना. मॅडम बघून राहिलेल्या. आता या पोरीला काय झालं? घाबरली का? मदत करावी म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "अगं, सुरू कर न आता. लोक कधीचे बसलेत."

कोणी हललं नाही. मी बाजूला बघितलं. सुशीलाचा हात वर. मागे वळलो. सगळ्या रांगांत हात वर. कोणी हसत नव्हतं, ते जास्त वाईट. फक्त दोन माणसांचे हात खाली होते. एक बापटांचा. दुसरा माझ्या मांडीवर होता.

सुशीलानं माझ्याकडे वाकून, तोंड चांगलं उघडून म्हटलं, "अहो, केव्हाचं सुरू झालं."

बापटांनी मला बघून हळूच मान डोलावली, आपला माणूस भेटल्यासारखी. आमच्या गल्लीतला चोंगा कोणत्या खांबावर बांधायचो मी, सांगू? बापटांच्या खिडकीसमोरच्या. अन् आवाज थोडा कमी करा म्हणून सांगायला खाली कोण यायचं? हेच.

त्या दिवशी कापसाची आठवण मला फार झाली.

मॅडमनी काम बघितलं, पल्लवीला म्हणाल्या, पुढच्या वस्तीची तयारी कर. जाताना माझ्याकडे बोट करून विचारलं, "यही हैं?" पल्लवी म्हणाली, "हां मैडम, यही."

यही म्हणजे काय? संध्याकाळी घरी मी तिला गाठलं.

"मॅडम मला कशा ओळखतात?"

"मी सांगितलं होतं, आबा. की आमच्या घरी एक आहेत, ते कान तपासू देत नाहीत."

"अन् तो स्पीकर? तुला त्यातलं सगळं कळतं, मग निवडायला मला काहून नेलं?"

ती म्हणाली, "स्पीकर तर मी आधीच निवडून ठेवला होता. कान तपासायला चला म्हटलं असतं तर तुम्ही आला असता का? स्पीकर तपासायला टोपी घालून आलात." मग माझ्या जवळ येऊन, मला ऐकू जाईल असं म्हणाली, "दुकानदारालाही सांगून ठेवलं होतं. पण तुम्ही त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन चोर म्हणाल, हे कुठं माहीत होतं मला?"

उद्या दुकानदाराची माफी मागायला जायचं आहे. पल्लवी सोबत येते म्हणाली, कारण तो मला काय उत्तर देतो ते मला कोणीतरी सांगावं लागेल.

तर अशी गंमत. त्या दिवशी दुकानात तपासणी झाली, हे खरं आहे. स्पीकर पास झाला.