खुराकाला म्हणून दिलेली नोट

माझा उजवा खांदा आखडला तेव्हा घरात मी सांगितलं की फिजिओथेरपीला जातो. प्रत्यक्षात जात होतो सांगलीतल्या एका स्पामध्ये. खोटं तिथूनच सुरू झालं, म्हणून तिथूनच लिहितो.

स्पा हा शब्द आमच्या कॉलनीत सरळ उच्चारला जात नाही. कुणी म्हटलाच तर ऐकणारा आधी आजूबाजूला बघतो आणि मग हसतो. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासून निवृत्त झालेला, करड्या शिस्तीचा म्हणून ओळखला जाणारा मी. मला ते हसू नको होतं.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं टॅबलेट पुढे केला. "काका, मेल थेरपिस्ट तीन आहेत. फोटो बघून सांगा कोण हवा."

माणूस असा निवडायचा असतो हे मला माहीत नव्हतं. साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. पहिला देखणा, केस चापून बसवलेला. दुसरा हसरा. तिसरा चाळिशीचा, चेहऱ्यावर हसू नाही, पण दोन्ही कान करंजीसारखे दुमडलेले. तरुणपणी मीही दोन वर्षं तालमीत काढली होती. असे कान मातीत डोकं घासूनच होतात, आणि तालमीत वाढलेल्याला मालिश वेगळी शिकवावी लागत नाही. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"त्यांना फारसं कुणी घेत नाही," मुलगी म्हणाली. "दाब जास्त देतात."

"मग हाच."

माणूस साताऱ्याकडचा होता. मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "मामा, तालमीत व्हतासा जनू."

"कशावरून?"

"मान सांगतीया. पन खांदा कुस्तीत न्हाई गेल्याला. हात वर धरून हुभं ऱ्हायाची नोकरी व्हती का काय?"

होती. धावत्या बसमध्ये वरची दांडी धरून आयुष्य गेलं होतं. डॉक्टरांनी दोनदा फोटो काढूनही हे मला विचारलं नव्हतं.

पाचव्या खेपेला माझा हात डोक्यावर गेला. स्वतःच्या हातानं भांग पाडता आला. त्या दिवशी मला त्याला काहीतरी द्यायचं होतं. स्पाचा नियम भिंतीवर लिहिलेला होता: टीप काउंटरवरच्या पेटीत टाकावी, ती महिन्याअखेर सगळ्यांत वाटली जाईल, थेरपिस्टच्या हातात देऊ नये. नियम वाईट नव्हता. पण तालमीत अंग रगडणाऱ्याला मजुरी देत नसत. त्याला खुराक देत. दूध, बदाम, नाहीतर त्यासाठीचे पैसे, तेही त्याच्याच हातात. पेटीत नोट टाकणं मला देवळात दान केल्यासारखं वाटलं.

"मामा, भाईर पेटी हाय. तितं टाका," तो म्हणाला.

त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात होते. मी पाचशेची नोट त्याच्या डगल्याच्या खिशात सारली, "खुराकाला," म्हणालो आणि बाहेर पडलो. तेलकट हातानं त्याला ती काढताही येईना.

संध्याकाळी घरी व्याही आणि विहीणबाई चहाला आले होते. मला मोबाइल कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून तो कायम स्पीकरवर असतो. फोन वाजला. स्पाच्या मालकीणबाई होत्या. त्यांनी नाव सांगितलं, स्पाचंही सांगितलं. "काका, आमच्या एका थेरपिस्टच्या खिशात पाचशे रुपये सापडले. तो म्हणतो, तुम्ही आपणहून दिले. तसं असेल तर पेटीत टाकू, विषय संपला. की त्यानं मागितले होते?"

चहाचे कप थांबले होते. मी म्हणालो, "राँग नंबर. मी कुठल्या स्पाबिपात जात नाही." आणि फोन बंद केला.

"हल्ली असले फोन फार येतात," व्याही म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

मला काय विचारलं जात होतं ते मला कळलं नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. वाटेत गाडीत चढून कंडक्टरची बॅग आणि खिसा तपासणं हेच माझं काम होतं. जास्तीची नोट निघाली की मी विचारायचो, ही कुणाची? कंडक्टर एखाद्या प्रवाशाकडे बघायचा. तो प्रवासी खिडकीबाहेर बघू लागला की त्या कंडक्टरचं पुढं काय होतं, ते मीच कागदावर लिहीत असे.

दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. खांदा पुन्हा धरला, तेव्हा गेलो. काउंटरवर मुलगी नवीन होती. टॅबलेटवर दोनच फोटो होते.

"तिसरे कुठं गेले?"

"त्यांना काढलं. कस्टमरकडून पैसे उकळायचे म्हणे. वर ज्या कस्टमरचं नाव सांगितलं, तो ओळखसुद्धा दाखवेना."

मी मालिश न करताच परतलो. स्वयंपाकघरात बायको मेथी निवडत होती. तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं, फोनपर्यंत.

"फिजिओथेरपीवाला लेमनग्रासचं तेल लावत नसतो, एवढं मला कळतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी वास आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"हात वर जायला लागला होता तुमचा. मला काय करायचंय तेल कुणी लावलं त्याच्याशी?" मग तिच्या हातातली जुडी थांबली. "पण त्या माणसाचं पोट मारलंत तुम्ही. चहाच्या कपासाठी."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. मालकीणबाईंनी कागद दिला. मी लिहू लागलो की, माझ्याकडून चुकून सांगण्यात आलं... तिनं खांद्यावरून वाचलं. "'चुकून' खोडा. चुकून नव्हतं."

मी खोडलं. नोट मी जबरदस्तीनं खिशात घातली, त्यानं मागितली नव्हती, आणि मी फोनवर खोटं बोललो, असं लिहून सही केली. मालकीणबाईंनी तो दोनदा वाचला. त्यांनीही एका ओळीचं पत्र दिलं: आमची तक्रार नाही, गैरसमज झाला होता. त्याची जागा भरली होती. पण तो साताऱ्यात कुठं आहे ते त्यांना माहीत होतं, कारण तिथल्या मालकानं नेमणुकीआधी त्यांनाच फोन करून चौकशी केली होती.

दोन्ही कागद घेऊन मी साताऱ्याला गेलो. तिथल्या स्पामध्ये त्याला कामावर घेतलं होतं, पण गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायचा नाही या अटीवर. मागच्या अंगणात तो टॉवेल पिळत होता. मला बघून थांबला नाही.

"मामा, रस्ता चुकला का?"

"नाही. तुझ्याकडंच आलोय. त्या दिवशी फोन मीच बंद केला."

"ठावं हाय की. मी समोरच हुभा व्हतो, बाईंच्या. तुमी खुराकाला म्हनला, आन् माजा खुराकच बंद केलासा."

मी दोन्ही कागद पुढे धरले. हात ओले होते म्हणून त्यानं घेतले नाहीत. मलाच वाचून दाखवायला लावले. 'मी खोटं बोललो' या ओळीला म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचली.

मग आम्ही आत गेलो. मालक निवृत्त फौजी. त्यानं पत्रं वाचली, सांगलीला फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि त्याला म्हणाला, "सोमवारपासून टेबलवर. फोटो काढून घे आज."

त्यानं नळाखाली हात धुतले, बराच वेळ पुसले.

मी म्हणालो, "पहिलं गिऱ्हाईक मला घे. आत्ता वेळ असला तर आत्ताच."

"आज न्हाई मामा. आज हातात राग हाय. रागाचा हात खांद्यावर ठिवू नये." त्यानं टॉवेल दांडीवर टाकला. "सोमवारी या. अकराला. उपाशी येऊ नगासा, आन् लय जेवून बी न्हाई."

मी काउंटरवर गेलो आणि सोमवारच्या अकराला त्याच्या नावापुढे माझं पूर्ण नाव लिहायला सांगितलं. फोन नंबर विचारला तेव्हा घरचाच दिला, कुणीही उचलला तरी चालेल असा.