बंद स्टेशनावरची मावशी

गाडी थांबायची बंद झालेल्या एका खेड्यातल्या स्टेशनचा इतिहास लिहायला मी संभाजीनगरहून भर उन्हात मोटारसायकलवर गेलो. फलाटावर एक म्हातारी शेळ्या राखत बसलेली. स्टेशनाबद्दल काहीही विचारलं, की ती शेळीच्या खुराचं दुखणं सांगायची. शेवटी मी वैतागलो.

"मावशी, गाडी कधी थांबायची बंद झाली, एवढं तरी सांगा."

तिनं हातातला शेळीचा पाय खाली ठेवला. "लेक ह्याच गाडीनं माहेरी यायची. गाडी थांबंना, तवापासून तीबी येईना."

तिनं सांगितलेलं लेकीचं गाव माझ्या परतीच्या वाटेवरच होतं. "चला, सोडतो," मी म्हणालो.

"अन् शेळ्या कोण बघंल?" ती माझ्यावरच चिडली. मग हळूच म्हणाली, "तिला म्हणावं, माय बरी हाय. दुसरं काय सांगू नका."